दोन दिवस कोलू पाटलाच्या पाळीवर

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मुंबई-कोलकाता महामार्गावर साकोली सोडून रायपूरच्या दिशेनं निघालं की वाटेत कोहमारा लागतं. गाव लहान, पण फाटा मोठा. इथून एक रस्ता गोरेगावमार्गे गोंदियाला जातो, दुसरा नवेगावबांधकडे वळतो. नागपूरहून आलेला पाहुणा इथं उतरतो, पाय मोकळे करतो, तर्री-पोहे खातो आणि विचारतो, "आता किती राहिलं?" टपरीवरचा माणूस हात दक्षिणेकडे करून सांगतो, "आता काय जी, आलंच."

अनेक वर्षं मी पाहुण्यांना याच फाट्यावर उतरवून घेतलं आणि दोन दिवस विश्रांतीला नवेगावच्या तलावाकाठी नेलं. आमच्याकडे समुद्र नाही. पुण्या-मुंबईचे लोक शनिवार-रविवार अलिबागला किंवा गणपतीपुळ्याला जातात. आम्हा झाडीपट्टीतल्या लोकांचा समुद्र म्हणजे हा तलाव. सुमारे अकरा चौरस किलोमीटरचं पाणी, चहूबाजूंनी डोंगर आणि समोर जंगल. पहाटे पाण्यावर धुकं असतं तेव्हा पलीकडचा काठही दिसत नाही.

एकदा मुंबईचे एक स्नेही सहकुटुंब आले होते. महिना मे. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठचा गाळ उघडा पडला होता. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, हे तळं नैसर्गिकच ना?" मी बेधडक "हो" म्हटलं. त्यावर स्नेही म्हणाले, "मग सरकारनं उन्हाळ्यात पाणी अडवून ठेवायला काय हरकत आहे? एवढ्या लांबून माणसं येतात आणि चिखल बघून जातात." जवळच एक म्हातारे गृहस्थ जाळं सोडवत बसले होते. त्यांनी मान वर न करता एवढंच म्हटलं, "नाव तर वाचा जी गावाचं."

मी ओशाळलो. गावाच्या नावातच 'बांध' आहे. जन्मभर ते नाव मी उच्चारत होतो, त्याचा अर्थ मात्र कधी कानावर घेतला नव्हता. माझं या तलावाचं वाचन त्या दिवसापासून सुरू झालं.

हा तलाव माणसांनी बांधला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं परंपरा सांगते. भोवतालच्या डोंगरांमधल्या मोकळ्या जागा मातीच्या पाळीनं बुजवायच्या आणि जंगलातून येणारं पावसाचं पाणी आत धरायचं, ही त्यामागची युक्ती. सिमेंट नाही, मोजणीची आधुनिक यंत्रं नाहीत. पाणी कुठून उतरतं, कुठं थांबेल आणि जास्त झालं तर कुठून काढून द्यायचं, हे डोळ्यांनी आणि अनुभवानं ठरवायचं. पाळ, पाणी सोडायचा तुडूम, जादा पाण्यासाठी सांडवा आणि खाली धानाची बांधी अशी ही साखळी. यातली एक कडी निसटली तरी सगळा गाव उपाशी.

लोकांनी कोलू पाटलांना देव केलं. तलावाकाठी कोलासूर देवाचं ठाणं आहे. भोवतालच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात आणि पाळ पुरी करायला या बहिणींनी कोलूला मदत केली, अशी श्रद्धा आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं अशी कथा हसण्यावारी नेऊ नये. डोंगर बहिणीसारखे उभे राहिले म्हणूनच थोडक्या मातीत एवढं पाणी अडलं. त्या जागेचं भूगोलशास्त्रच लोकांनी नात्याच्या भाषेत सांगून ठेवलं आहे.

हे कोहळी कोण? रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कोहळ्यांची एक दंतकथा नोंदवली आहे. चांद्याचा एक गोंड राजा काशीला गेला होता, परतताना त्यानं या लोकांना सोबत आणलं, अशी ती कथा. ती खरी की खोटी हा भाग वेगळा. वैनगंगेच्या खोऱ्यात तलाव बांधणारे आणि ऊस लावणारे म्हणून त्यांची ख्याती होती, हे मात्र खरं. जो तलाव बांधील त्याला तलावाखालची जमीन द्यायची, असं गोंड राजांचं धोरण असल्याची आठवण आमच्या भागात अजून सांगतात. भंडारा-गोंदियाला 'तलावांचा जिल्हा' म्हणतात ते उगाच नाही. पूर्व विदर्भात असे जुने तलाव साडेसहा हजारांहून अधिक आहेत. त्यात गावची लहानशी बोडी आली आणि नवेगावसारखा सागरही आला.

आता जरा दूर जाऊ. पाण्याकाठी दोन दिवस नुसतं पडून राहायचं, ही कल्पना आली कुठून? युरोपात समुद्रस्नान हे आधी औषध होतं. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर सान सेबास्तियान नावाचं गाव आहे. राणी इसाबेल दुसरी हिला त्वचेचा विकार होता. वैद्यांनी समुद्रस्नान सांगितलं म्हणून १८४५ साली ती तिथं आली. राणीमागून दरबार आला, दरबारामागून श्रीमंत आले. १८६३ साली त्या शहरानं आपली जुनी तटबंदी पाडायला घेतली आणि नवी वस्ती आखली. पुढे राणी मारिया क्रिस्तिना हिनं तिथं उन्हाळी महाल बांधला, तो १८९३ मध्ये तयार झाला. पाहुण्यांसाठी एका गावानं आपला चेहराच बदलला.

आपल्याकडे इंग्रज साहेबानं समुद्राऐवजी डोंगर निवडला. वऱ्हाडासाठी चिखलदरा, मध्य प्रांतासाठी पचमढी. उन्हाळा आला की नागपूरचं सरकार दप्तरासकट पचमढीला जायचं. 'हवापालट' हा शब्द आपल्या घराघरांत रुळला तो याच काळात. डॉक्टरांनी हवापालट सांगितली की पैसेवाले निघायचे. बाकीच्यांना बदलायला दुसरी हवा नव्हतीच.

नवेगाव या दोन्ही तऱ्हांत बसत नाही. इथं आधी काम आलं, विश्रांती फार उशिरा आली. जवळपास अडीचशे वर्षं हे पाणी धानासाठी, उसासाठी, गुरांसाठी आणि ढीवरांच्या मासोळीसाठी होतं. १९७५ साली इथं राष्ट्रीय उद्यान झालं आणि पर्यटक येऊ लागले. २०१३ च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. म्हणजे तलावाच्या आयुष्यात आपण पाहुणे अगदी कालचे.

या पाण्याची ओळख महाराष्ट्राला करून दिली ती मारुती चितमपल्ली यांनी. वनखात्याच्या नोकरीत ते इथं राहिले आणि 'नवेगावबांधचे दिवस' लिहिलं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. साहेबासारखं रेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात बसून त्यांनी जंगल पाहिलं नाही. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांचं आणि गोंड, ढीवर मंडळींचं बोट धरून ते पाखरांची, झाडांची नावं शिकले. तलावावर राहणाऱ्या माणसांना तलाव कळतो, ही साधी गोष्ट त्यांनी मानली.

हीच गोष्ट आपल्या कागदपत्रांनी मात्र पुरेशी मानली नाही. इंग्रजांनी १८६० नंतरच्या बंदोबस्तात गावच्या पाटलांना मालगुजार केलं आणि तलाव मालगुजारी झाले. तरी पाणी कुणी, कधी, किती घ्यायचं, मासे कुणाचे, गुरं कुठं उतरायची, हे गावचे रिवाज वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रकात लिहिलेले असत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. पण तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव', थोडक्यात 'मामा तलाव' हे चमत्कारिक नाव मिळालं. पूर्वी पाळीला घूस लागली की गाव फावडं घेऊन धावायचा. आता अर्ज लिहायची वेळ आली. पाणी आमचं, मग पट्टी कसली, असं शेतकरी म्हणू लागले. पट्टी नाही तर दुरुस्ती कुठून, असं कचेरी म्हणू लागली. या वादात कितीतरी बोड्या गाळानं भरल्या आणि बेशरमीच्या झुडपांनी गिळल्या.

सगळंच बुडालं असं नाही. अर्जुनी मोरगाव भागात ढीवरांनी काही तलावांतली बेशरम उपटून काढली आणि माशांना आसरा देणाऱ्या देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. कोणती वनस्पती कुठल्या मासोळीला लागते, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. त्यांना कुणीतरी विचारायला हवं होतं, एवढंच.

आता त्या मे महिन्याकडे परत येतो. स्नेह्यांना दिसलेला चिखल हा तलावाचा दोष नव्हता. पाणी खाली गेलं होतं, कारण ते खालच्या शिवारात जाऊन आलं होतं. मे महिन्यात काठोकाठ भरलेला तलाव पाहुण्याला गोड दिसेल, पण त्याचा अर्थ शेताला पाणी मिळालं नाही असाही होऊ शकतो. सान सेबास्तियाननं पाहुण्यांसाठी तट पाडला, ते त्यांचं त्यांना लखलाभ. आपल्याला पाळ पाडून चालणार नाही. पर्यटन वाढावं, गावच्या पोरांना चार पैसे मिळावेत, याला माझा विरोध नाही. फक्त तलावाचं वेळापत्रक पाहुण्यांनी शिकावं, तलावानं पाहुण्यांचं नव्हे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "त्या कोलू पाटलांचं ठाणं कुठं आहे, ते दाखवा." आम्ही पाळीवरून चालत गेलो. त्यांनी पायातल्या चपला काढल्या. स्नेही थोडा वेळ उभे राहिले, मग खाली वाकून पाळीची माती हातात घेऊन बघू लागले. पाण्याबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत.

परतताना कोहमाऱ्याच्या फाट्यावर नागपूरच्या गाडीची वाट पाहत आम्ही चहा घेतला. शेजारच्या बाकावर नुकतंच उतरलेलं एक कुटुंब बसलं होतं. त्यातल्या मुलानं विचारलं, "बाबा, तिथला तलाव कुणी केला?" बाबा माझ्याकडे बघू लागले. या वेळी मला उत्तर येत होतं.