धावेचा हिशेब आणि कुंपणाचा हिशेब

अमेरिकेत दर हिवाळ्यात, कॉलेज फुटबॉलचा हंगाम संपत आला की, एक वाद हमखास पेटतो : आजवरचा सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक कोण? हर्शेल वॉकर, बॅरी सँडर्स, जिम ब्राऊन, बो जॅक्सन, आर्ची ग्रिफिन, टोनी डॉर्सेट ही नावे फिरून फिरून येतात आणि प्रत्येक जण आकड्यांचे पुस्तक उघडून बसतो. आम्हीही या वादात उतरणार आहोत. आपला काय संबंध, असे कोणी विचारेल. संबंध असा की, "आकडे बोलतात, मेरिट बोलते" हे वाक्य आपल्या पोरांना कॉलेजात, मुलाखतीत, वसतिगृहात रोज ऐकवले जाते. आकडे कोणाच्या तोंडून बोलतात हे बघायचे असेल, तर अमेरिकेच्या या खेळाइतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळेल.

आधी खेळ समजून घेऊ. हा आपला फुटबॉल नव्हे. इथे चेंडू हातात घेऊन पळायचे असते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू समोरच्याकडे. रनिंग बॅक म्हणजे तो चेंडू छातीशी धरून अकरा जणांच्या भिंतीत घुसणारा गडी. कबड्डीतली चढाई आठवा, फक्त पकड करणारे सव्वाशे किलोचे आहेत असे समजा. तो किती यार्ड धावला, यावर त्याची किंमत ठरते.

आता हे यार्ड मोजले कसे जातात ते पाहा. विस्कॉन्सिनच्या रॉन डेनने १९९६ ते १९९९ या चार हंगामांत ६,३९७ यार्ड काढले. २०१६ मध्ये सॅन डिएगो स्टेटच्या डॉनेल पम्फ्रीने ६,४०५ यार्ड करून तो विक्रम मोडला. फरक आठ यार्डांचा. पण हंगामानंतरचे 'बोल' सामने अधिकृत आकड्यांत धरायला २००२ पासून सुरुवात झाली. पम्फ्रीचे बोल सामने मोजले गेले, डेनचे नाहीत. ते धरले तर डेनचे यार्ड सात हजारांच्या वर जातात. बॅरी सँडर्सने १९८८ साली ओक्लाहोमा स्टेटकडून ११ सामन्यांत २,६२८ यार्ड काढले. बोल सामन्यातले २२२ यार्ड त्यात नाहीत. २०२४ साली बॉइसी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी १४ सामने खेळून २,६०१ वर थांबला. शिवाय १९७२ पर्यंत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळताच येत नव्हते. म्हणजे जिम ब्राऊनला तीनच हंगाम मिळाले, डॉर्सेटला चार.

हे सारे अमेरिकन चाहत्यांना तोंडपाठ असते. त्यावर ते रात्र रात्र भांडतात. मोजणीचा नियम बदलला की विक्रम बदलतो, हे त्यांना मान्य आहे. मग मैदानात कोणी उतरायचे याचा नियम? तो बदलला तर काय काय बदलते, याचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडत नाही.

तो मांडायचा तर फ्रिट्झ पोलार्डपासून सुरुवात करू. जेमतेम पाच फूट नऊ इंच उंचीचा, ब्राऊन विद्यापीठाचा हा कृष्णवर्णीय धावपटू. १ जानेवारी १९१६ रोजी तो रोझ बोल सामन्यात उतरला, तिथे खेळणारा पहिला कृष्णवर्णीय. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात पोलार्डच्या बळावर ब्राऊनने येल आणि हार्वर्ड या दोन्ही बड्यांना हरवले. सर्वश्रेष्ठांच्या यादीत त्याचे नाव किती जण घेतात?

१९३५ साली हाइजमन ट्रॉफी सुरू झाली. वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला ती मिळते. १९३५ ते १९६० या काळातले सव्वीसच्या सव्वीस विजेते गोरे. सव्वीस वर्षांत एकही कृष्णवर्णीय त्या तोडीचा निपजला नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढे वाचू नये. त्याच काळात आयोवाकडून ओझी सिमन्स नावाचा कृष्णवर्णीय धावपटू खेळत होता. १९३४ च्या सामन्यात मिनेसोटाच्या गड्यांनी त्याला इतके झोडपले की, पुढच्या वर्षी दोन राज्यांत हाणामारीची वेळ आली. तणाव निवळावा म्हणून दोन्ही राज्यपालांनी आपापसांत एका डुकराची पैज लावली. त्या डुकराचा कांस्य पुतळा आजही दोन्ही संघ जिंकतात आणि मिरवतात. डुकराचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. सिमन्सचे विचारून बघा. कॉलेज संपल्यावर त्याला राष्ट्रीय व्यावसायिक लीगचे दारही बंद होते, कारण १९३४ ते १९४५ या काळात तिथे एकही कृष्णवर्णीय खेळाडू घेतला गेला नाही.

दक्षिणेतली विद्यापीठे तर कृष्णवर्णीयांना प्रवेशच देत नव्हती. आणि उत्तरेकडची 'पुरोगामी' विद्यापीठे काय करत होती? त्यांच्यात आणि दक्षिणेत एक 'सभ्य गृहस्थांचा करार' होता. दक्षिणेच्या संघाशी सामना असला की उत्तरेच्या संघाने आपला कृष्णवर्णीय खेळाडू बाहेर बसवायचा. लेखी काही नाही, सगळे तोंडी. १९४० साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संघात लेनर्ड बेट्स हा कृष्णवर्णीय फुलबॅक होता, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्यांपैकीच एक. मिसूरीत सामना ठरला आणि बेट्सला नेणार नाही असे जाहीर झाले. तेव्हा विद्यापीठातले विद्यार्थी रस्त्यावर आले. "बेट्स खेळलाच पाहिजे" ही त्यांची घोषणा. बेट्सला नेले नाहीच. उलट १९४१ मध्ये, या भेदभावाविरुद्ध सह्यांची मोहीम चालवणाऱ्या सात विद्यार्थ्यांना निलंबित केले गेले. त्यांच्यातली एक एव्हलिन मेझेल. निलंबनामुळे ती पुढच्या शिक्षणासाठी कोलंबियाला गेली आणि एव्हलिन विटकिन या नावाने मोठी जनुकशास्त्रज्ञ झाली. २०१५ साली तिला लास्कर पुरस्कार मिळाला. विद्यापीठाने त्या सात जणांचा सन्मान केला २००१ साली. साठ वर्षे लागली. निलंबनाला मात्र एक सत्रही लागले नाही.

जिम ब्राऊनने सिराक्यूजकडून १९५६ च्या हंगामात आठ सामन्यांत ९८६ यार्ड काढले. कोलगेटविरुद्ध एकट्याने ४३ गुण केले. हाइजमनच्या मतदानात तो पाचवा आला. ट्रॉफी मिळाली नोत्र दामच्या पॉल हॉर्नंगला, ज्याचा संघ त्या वर्षी दहापैकी आठ सामने हरला होता! २०२० मध्ये ईएसपीएनने दीडशे वर्षांतल्या सर्वश्रेष्ठ कॉलेज खेळाडूंची यादी केली, तेव्हा पहिला क्रमांक याच ब्राऊनला दिला. १९५६ चे मतदार मेरिटच मोजत होते म्हणे.

ब्राऊननंतर त्याच सिराक्यूजमध्ये, त्याच ४४ क्रमांकाचा शर्ट घालून एर्नी डेव्हिस आला. १ जानेवारी १९६० ला डॅलसमध्ये टेक्सासला हरवून तो सामनावीर ठरला. रात्री मेजवानी होती. कृष्णवर्णीय खेळाडूंनी पुरस्कार घ्यावा आणि निघून जावे, असे त्यांना सांगण्यात आले. १९६१ साली तो हाइजमन जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. १९६३ च्या मे महिन्यात रक्ताच्या कर्करोगाने गेला, तेविसाव्या वर्षी. व्यावसायिक लीगमध्ये एकही सामना न खेळता.

आता ज्या गोष्टीवर आमचा खरा राग आहे तिच्याकडे येतो. १२ सप्टेंबर १९७०, बर्मिंगहॅम. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय फुलबॅकने अलाबामाच्या सर्व-गोऱ्या संघाविरुद्ध १३५ यार्ड आणि दोन टचडाउन केले. अलाबामा ४२–२१ ने हरली. यावर एक दंतकथा रचली गेली. अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचे डोळे त्या रात्री उघडले, दक्षिणेचे हृदयपरिवर्तन झाले, आणि मार्टिन लूथर किंग यांना वीस वर्षांत जमले नाही ते एका फुलबॅकने तासाभरात करून दाखवले! ही गोष्ट आजही कौतुकाने सांगितली जाते. हृदयपरिवर्तनाच्या गोष्टी आपल्यालाही काही कमी ऐकवल्या गेलेल्या नाहीत.

वस्तुस्थिती काय आहे? त्या सामन्याच्या वेळी अलाबामाचा पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडू विल्बर जॅक्सन आधीच दाखल झालेला होता. पहिल्या वर्षात असल्यामुळे तो खेळू शकत नव्हता, इतकेच. त्याच्याही आधी, १९६९ साली, विद्यापीठातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने खेळाडू भरतीतल्या भेदभावाविरुद्ध न्यायालयात दावा ठोकला होता. त्याआधी १९६४ चा नागरी हक्क कायदा होता. त्याआधी १९६३ मध्ये व्हिव्हियन मेलोन आणि जेम्स हूड याच विद्यापीठाच्या दारात उभे होते आणि राज्यपाल जॉर्ज वॉलेस दार अडवून उभा होता. त्याआधी १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. दार कायद्याने, खटल्याने आणि विद्यार्थ्यांच्या संघटनेने उघडले. कनिंगहॅमचे यार्ड खरे आहेत, त्याबद्दल त्याला सलाम. पण त्या यार्डांच्या आड बाकी सगळी लढाई पुसली जाते तेव्हा ती इतिहासाची चोरी असते. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले, तेव्हा त्यांनी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या होत्या. खेळाच्या मैदानातल्या चमत्काराची वाट पाहत ते बसले नव्हते.

कोणी म्हणेल, मग डोक वॉकर, बिली कॅनन या गोऱ्या धावपटूंचे विक्रम खोटे का? खोटे नाहीत. कुंपण त्यांनी घातलेले नव्हते. पण डोक वॉकरने १९४८ साली हाइजमन जिंकली ती ज्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये खेळून, तिथे कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९६६ उजाडावे लागले. समोर कोण उभे राहू शकते हेच आधी ठरलेले असेल, तर 'सर्वांमध्ये श्रेष्ठ' यातल्या 'सर्व' शब्दाचा अर्थ काय, एवढेच आम्ही विचारतो. आणि कुंपण गेल्यावरही सवय गेली नाही. मिसिसिपीचा वॉल्टर पेटन १९७१ ते १९७४ जॅक्सन स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाकडून खेळला. हाइजमनच्या मतदानात चौदावा आला. पुढे १९८४ मध्ये याच पेटनने व्यावसायिक लीगमधला जिम ब्राऊनचा कारकिर्दीतील यार्डांचा विक्रम मोडला.

तर मग आमचे मत कोणाला? एका हंगामाचा प्रश्न असेल तर सँडर्स, यात वाद नाही. पण संपूर्ण कॉलेज कारकिर्दीचे म्हणाल, तर हर्शेल वॉकर. जॉर्जिया विद्यापीठाकडून तीनच हंगाम, १९८० ते १९८२, आणि ५,२५९ यार्ड, तेही बोल सामने न धरता. पहिल्याच वर्षी संघ अपराजित राहून राष्ट्रीय विजेता. नोत्र दामविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात सुरुवातीलाच खांदा निखळला, तो बसवून घेऊन पठ्ठ्याने १५० यार्ड काढले.

त्याच्या राजकारणाशी आमचे जुळत नाही. १९८० च्या वसंतात त्याच्या राइट्सव्हिल गावात कृष्णवर्णीय नागरिक न्यायासाठी रस्त्यावर आले, मारही खाल्ला. शाळेतला हा हिरो त्यापासून दूर राहिला. अठरा वर्षांच्या पोराकडून किती अपेक्षा करायची, हेही खरे. पण साठीत, २०२२ मध्ये, ट्रम्प यांच्या पाठिंब्याने तो सिनेटसाठी उभा राहिला आणि राफेल वॉर्नॉक यांच्याकडून पडला. तेव्हा आम्हाला वाईट वाटले नाही. धावण्याचे मत आणि निवडणुकीचे मत वेगवेगळे द्यायला आपण शिकले पाहिजे.

वॉकरच्या नावाच्या शेजारी आम्ही आणखी एक नाव लिहू : हॅमिल्टन होम्स. जानेवारी १९६१ मध्ये शार्लेन हंटर आणि होम्स हे जॉर्जिया विद्यापीठात प्रवेश मिळवणारे पहिले दोन कृष्णवर्णीय विद्यार्थी, तोही न्यायालयाच्या आदेशाने. होम्स अटलांटातल्या आपल्या शाळेत फुटबॉल संघाचा कर्णधार होता. विद्यापीठाच्या संघात त्याला खेळता आले नाही. पुढे तो अस्थिरोगाचा शल्यविशारद झाला. ज्या सॅनफोर्ड स्टेडियमवर त्याला उतरता आले नाही, तिथे एकोणीस वर्षांनी वॉकर धावला.