उपस्थिती आणि अपराध : मुखकर्करोगाच्या एका चौकशीचा इतिहास

गुन्ह्याच्या जागी एखादा मनुष्य आढळला, एवढ्यावरून तो अपराधी ठरत नाही, हा न्यायशास्त्राचा जुना दंडक आहे. वैद्यकशास्त्रालाही तो पाळावा लागतो. मुखकर्करोग आणि ‘ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस’ यांच्या संबंधाचा इतिहास याची साक्ष देईल.

अंगावर चामखीळ उठविणारे हे विषाणूंचे कुळ. त्यातील काही जाती गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होत असाव्यात, असे हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात प्रतिपादिले. १९८३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने अशा कर्करोगातून सोळाव्या क्रमांकाची जात शोधून काढली. २००८ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच १९८३ साली फिनलंडमध्ये सिर्‍यानेन दांपत्य व त्यांच्या सहकाऱ्यांना तोंडातील कर्करोगाच्या नमुन्यांत या विषाणूच्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. दोन वर्षांनी जिभेच्या कर्करोगात विषाणूचा डीएनएही सापडला.

संशयित जागेवर सापडला खरा, परंतु पुरावा? पुढे आलेल्या पीसीआर पद्धतीने डीएनएच्या अत्यल्प अंशाच्याही असंख्य प्रती काढता येऊ लागल्या, आणि तिचा गुण हाच तिचा दोष ठरला. निरोगी तोंडातही विषाणू मिळू लागला, नमुन्यांतील किंचित भेसळही विषाणू म्हणून गणली जाऊ लागली, आणि एका प्रयोगशाळेचे आकडे दुसरीशी जुळेनात.

तेव्हा प्रश्नच बदलावा लागला. विषाणू आहे काय, याऐवजी तो तेथे काय करीत आहे, हे विचारले जाऊ लागले. पेशींच्या बेबंद वाढीस आवर घालणारी पी-५३ व आरबी ही प्रथिने. विषाणूची ई-६ व ई-७ ही प्रथिने त्यांस निकामी करतात. ई-६ व ई-७ यांचा आरएनए ऊतीत आढळला, तर विषाणू तेथे नुसता बसलेला नसून कृती करीत आहे, असे म्हणता येते.

२००० साली अमेरिकेत मॉरा गिलिसन व सहकाऱ्यांनी डोके व मान यांतील कर्करोगाचे २५३ रुग्ण तपासले. सुमारे २५ टक्क्यांत विषाणू मिळाला. पण त्यांतील बहुतेक गाठी टॉन्सिल व घशाच्या भागातील होत्या. २०१० मधील एका अभ्यासात घशाचा विषाणुजन्य कर्करोग झालेल्यांपैकी सुमारे ८२ टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. विषाणू नसलेल्यांत हे प्रमाण ५७ होते.

घसा आणि तोंड हा भेद आपण विसरू नये. आपल्याकडे गाल, जीभ व हिरड्या यांच्या कर्करोगाचा मुख्य आरोपी आजही तंबाखू व सुपारीच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविना विडाही कर्करोगकारक ठरविला. देवापुढे विडा ठेवणे निराळे आणि तो प्रहर-प्रहर गालात धरणे निराळे. विषाणूचे नाव पुढे करून या आरोपीस निर्दोष सोडता येणार नाही.

आणखी एक अन्याय टाळावयास हवा. हा विषाणू निकट शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून अहवालात त्याचे नाव दिसताच रुग्णाच्या शीलाची चौकशी आरंभणारे नातेवाईक आढळतात. हा संसर्ग अत्यंत सार्वत्रिक आहे आणि बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. रुग्ण हा येथे फिर्यादी आहे; त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा अधिकार कोणासही नाही.