कॅम्परसाठी जुनी व्हॅन : किलोमीटरपेक्षा पत्रा महत्त्वाचा

गाडीतच बिछाना, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवून मुक्कामाची चिंता न करता प्रवासाला निघावे, ही कल्पना आपल्याकडेही आता रुजू लागली आहे. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून या विषयाची चर्चा वाढली. मात्र तयार कॅरव्हॅनची किंमत मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असते. त्यामुळे जुनी व्हॅन घेऊन तिचे अंतरंग स्वतःच्या हाताने सजवावे, असा विचार अनेकजण करतात. अशा वेळी समोर येणाऱ्या बहुतेक गाड्या पर्यटक वाहतूक, शाळा किंवा कंपन्यांच्या सेवेतून निवृत्त झालेल्या असतात आणि त्यांच्या मीटरवर दोन, तीन, प्रसंगी चार लाख किलोमीटरची नोंद असते.

हा आकडा पाहून काही जण बिचकतात, तर काही जण कमी आकडा पाहून भुलतात. वस्तुतः कॅम्परच्या बाबतीत या आकड्याला दुय्यम स्थान द्यावयास हवे. सुट्टीपुरती वापरली जाणारी गाडी वर्षाला फार तर आठ-दहा हजार किलोमीटर धावते. म्हणजे इंजिनात लाखभर किलोमीटरचे बळ शिल्लक असले, तरी ते दहा वर्षे पुरावे. पत्र्याचे तसे नसते. इंजिन चालल्याने झिजते. पत्रा उभ्या गाडीतही गंजत राहतो. शिवाय इंजिन पुन्हा बांधून घेता येते, गिअरबॉक्स बदलता येतो; परंतु प्लायवूड आणि कपाटांच्या मागे दडलेला गंज दुरुस्त करावयाचा, तर महिनोन् महिने खपून केलेले सारे काम उखडावे लागते. म्हणूनच अशी गाडी पारखताना आधी कागदपत्रे, मग पत्रा, त्यानंतर इंजिन आणि सर्वांत शेवटी मीटर, हा क्रम ठेवावा.

कोणती गाडी?

आपल्याकडे या कामासाठी सर्वाधिक विचार होतो तो ट्रॅव्हलरचा. तत्कालीन बजाज टेम्पो कंपनीने १९८७ मध्ये ‘टेम्पो ट्रॅव्हलर’ बाजारात आणली. मर्सिडीज-बेंझच्या ‘टी-१’ या व्हॅनवर ती आधारलेली होती. २००५ मध्ये कंपनीचे नाव फोर्स मोटर्स झाले, तरी लोकांच्या तोंडी जुनेच नाव राहिले. इतकी वर्षे रस्त्यावर असल्याने तिचे सुटे भाग आणि तिची नस जाणणारा मेस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. लांबच्या प्रवासात हा गुण कोणत्याही सुखसोयीपेक्षा मोलाचा ठरतो. टाटांची विंगर २००७ पासून उपलब्ध आहे. दोघांपुरतीच सोय हवी असेल, तर मारुतीच्या ईकोचाही विचार करता येईल. मात्र तिच्यात उभे राहता येत नाही.

गाडी पाहावयास जाताना मोजपट्टी सोबत न्यावी. घरातील सर्वांत उंच व्यक्ती आत ताठ उभी राहू शकते काय, आडवा बिछाना घातल्यास पाय पूर्ण पसरता येतात काय, हे तेथेच तपासावे. छताच्या आतून उष्णतारोधक थर आणि तक्तपोशी बसल्यावर दोन-तीन इंच उंची कमी होते, हेही ध्यानात घ्यावे. प्रवासी गाडीच्या मोठ्या खिडक्या प्रकाश देतात. पण त्यातून उष्णता व पावसाचे पाणी शिरण्याचा संभवही वाढतो. मालवाहू बंदिस्त व्हॅन आतील कामास सोयीची असली, तरी नोंदणीच्या दृष्टीने तिचा प्रकार निराळा असतो.

आधी कागदपत्रे

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आसने काढणे म्हणजे नोंदणीतील आसनक्षमता बदलणे होय, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

याचा अर्थ कॅम्परला कायद्यात जागाच नाही, असा नव्हे. केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेत खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा बिगर-वाहतूक गटात समावेश आहे आणि मोटर कॅरव्हॅनसाठी ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानकही आहे. तथापि घरी केलेले काम या चौकटीत बसेल काय, हे त्या त्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून विसार देण्यापूर्वीच नियोजित बदलांचा आराखडा घेऊन परिवहन कार्यालयात जावे आणि परवानगी लेखी मागावी. परवानगीविना बदललेल्या गाडीला अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. तेव्हा हा प्रश्न केवळ दंडापुरता मर्यादित राहत नाही.

पर्यटक सेवेतील गाडी पिवळ्या पाटीची असते. ती खासगी करून घेण्यास लागणारा कर व वेळ सौद्याच्या हिशेबात धरावा. वाहतूक गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता तपासणी, म्हणजेच ‘पासिंग’, करावे लागते. ते संपून वर्ष-दोन वर्षे उलटली असतील, तर त्याचे कारण विचारावे. कर, विमा, थकीत चलन आणि कर्जाचा बोजा यांची माहिती ‘वाहन’ संकेतस्थळावर पाहता येते. बोजा असल्यास वित्तसंस्थेची सही असलेला नमुना ३५ हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरासाठी नमुना २९ व ३० लागतात; गाडी परराज्यातील असेल, तर नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्रही हवे. चासी क्रमांक कागदावरून नव्हे, तर प्रत्यक्ष गाडीवरून वाचून ताडून पाहावा.

पत्रा व सांगाडा

गंज सर्वप्रथम पाणी साचते तेथे धरतो. चाकांवरील कमानी, सरकत्या दाराखालची पट्टी, समोरच्या काचेचा तळ, खिडक्यांच्या रबराभोवतीची कड, छताच्या पन्हळी आणि वातानुकूलन यंत्रासाठी छताला पाडलेले भोक ही त्याची ठरलेली ठिकाणे. आतील मॅट उचलून जमीन पाहिल्याशिवाय परत येऊ नये. आसनांच्या बोल्टभोवती पत्रा फुगलेला असतो, तो मॅटखाली झाकला जातो. विक्रेता मॅट उचलू देत नसेल, तर तेच उत्तर समजावे.

नव्या रंगाने चमकणाऱ्या गाडीविषयी अधिक सावध असावे. मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे; ते जेथे चिकटत नाही, तेथे खाली पुट्टी भरलेली असते. गाडीखाली जाऊन चासीचे आडवे-उभे भाग, पाट्यांचे आधार आणि ब्रेकच्या नळ्या बॅटरीच्या उजेडात पाहाव्यात. वरवरचा तांबूस थर घासून काढता येतो. स्क्रूड्रायव्हरने टोचताच खपली निघत असेल, तर तो गंज आरपार गेला आहे. त्यानंतर छतावर दहा मिनिटे नळीने पाणी सोडावे आणि आत बसून गळती शोधावी.

गाडी कोठे वावरली, यालाही महत्त्व आहे. किनाऱ्यालगतची खारी हवा पत्र्याला घातक असते. मासळी व बर्फ वाहणाऱ्या व्हॅनची जमीन तर खाऱ्या पाण्यानेच भिजलेली असते. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी टाळावी. कॅम्परमध्ये माणसे झोपतात, स्वयंपाक होतो. श्वासातील व वाफेतील ओलावा थंड पत्र्यावर दव होऊन बसतो आणि आतील थरांमागे सुकत नाही. म्हणजे आधीच असलेला गंज येथे दुप्पट वेगाने वाढतो, हे निवडीच्या वेळीच समजून घ्यावे.

मीटर व इंजिन

पर्यटक गाडी दिवसाला अडीचशे किलोमीटर आणि वर्षात अडीचशे दिवस धावली, तरी वर्षाचे साडेबासष्ट हजार किलोमीटर होतात. सहा वर्षांत पावणेचार लाख. तिच्या मीटरवर सव्वा लाख दिसत असतील, तर सर्व्हिसची बिले मागावीत. पेडलचे रबर, स्टिअरिंगची झीज आणि चालकाचे आसन सहसा खोटे बोलत नाहीत. टायरच्या कडेवरील चार अंकही पाहावेत : ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातील टायर. उलटपक्षी, महामार्गावर संथ गतीने धावलेले तीन लाख हे शहरात थांबत-थांबत काढलेल्या दीड लाखांपेक्षा पुष्कळदा बरे असतात. रुग्णवाहिकेचे इंजिन उभ्या जागी तासन् तास चालू असते. त्याची नोंद मीटरवर होतच नाही.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आपण पोहोचण्यापूर्वी बॉनेट गरम असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. सतत निघणारा निळसर धूर तेल जळत असल्याचे दर्शवितो. थांबत नाही असा पांढरा धूर आणि कमी होणारे कूलंट हेड गॅसकेटकडे बोट दाखवितात. इंजिन चालू ठेवून तेलाचे झाकण उघडावे. तेथून धुराचा जोरदार भपकारा येत असेल, तर मेस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तो दोष आहे आणि इंजिन बांधणीला आले आहे. तेलाचा रंग दुधाळ असेल, तर त्यात पाणी मिसळले आहे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धूर गाळणारी यंत्रणा असते आणि ती बदलणे खर्चिक असते. जुन्या, साध्या रचनेची गाडी दुरुस्तीस सोपी, तर नवी कमी प्रदूषण करणारी व अधिक वर्षे नोंदणी शिल्लक असलेली. आपल्या प्रवासाच्या स्वरूपानुसार निर्णय घ्यावा.

चाचणी सपाट रस्त्यावर आटोपू नये. पुणेकरांनी दिवे घाट, इतरांनी आपापल्या जवळचा घाट गाठावा. चढणीवर तापमानाचा काटा स्थिर राहतो काय, क्लच घसरतो काय. उतारावर गिअर आपोआप सुटतो काय, ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते काय, हे तेथेच कळते.

वजनाचा हिशेब

अठरा मिलिमीटर जाडीचा आठ बाय चार फुटांचा एक प्लायवूड सुमारे ३० ते ३५ किलो भरतो. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरच्या इन्व्हर्टरची एक मोठी बॅटरी ५० किलोंच्या आसपास जाते. त्यात माणसे, भांडी व सामान मिळवावे. नोंदणी प्रमाणपत्रावरील एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करावे. उरलेल्या आकड्यात हे सारे बसले पाहिजे. गाडी एकदा वजनकाट्यावर नेणे उत्तम. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची गाडी चालविता येते आणि ही मुभा वाहतूक प्रकारातील गाड्यांनाही असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे.

सौदा करताना

हाती असलेली सर्व रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. टायर, क्लच, ब्रेक, पट्टे, कूलंटच्या नळ्या आणि बॅटरी यांचा खर्च पहिल्या सहा महिन्यांत येणारच, असे गृहीत धरून तेवढी रक्कम बाजूला ठेवावी. आतील सजावटीचा खर्च त्याहून वेगळा. जुन्या मालकाने दिवे व संगीतासाठी ओढलेल्या जोड-वायरी काढून टाकाव्यात, कारण लाकडाने मढविलेल्या गाडीत त्यातूनच आग लागण्याचा धोका असतो. विक्रेत्याने सुचविलेल्या नव्हे, तर आपल्या माहितीच्या मेस्त्रीला तपासणीसाठी न्यावे आणि त्याचा मेहनताना द्यावा. गाडी घेतल्यावरही पहिले दोन-तीन महिने, शक्यतो एक पावसाळा, ती आहे तशीच चालवावी. तिचे दोष तेवढ्या काळात समोर येतात आणि ते दूर करून मगच पहिला प्लायवूड कापावयास घेतला, तर पुढचे काम वाया जात नाही.