लक्ष्यवेधाची अचूकता (लहान प्राण्यांवरील प्रतिमा-मार्गदर्शित किरणोपचार)

किरणोपचाराची नवी पद्धत किंवा त्याच्या जोडीला द्यायचे औषध माणसापर्यंत नेण्याआधी बहुधा उंदरावर आजमावतात. अशा प्रयोगात क्ष-किरणांचा झोत जिथे पडायला हवा तो बिंदू आणि तो प्रत्यक्षात पडला तो बिंदू यांतले अंतर म्हणजे लक्ष्यवेधाची चूक. उंदीर 25 ग्रॅम आणि माणूस 70 किलो धरला, तर लांबीचे प्रमाण सुमारे 14 पट येते. म्हणजे माणसाच्या उपचारात खपून जाणारी 1 मिमी चूक उंदराच्या अंगावर झाली, तर ती माणसातल्या सुमारे 1.4 सेंमीच्या चुकीएवढी ठरते.

पूर्वी शिशाच्या पत्र्याला भोक पाडून उंदराचा बाकीचा देह झाकत. म्हणून गाठ मांडीवर किंवा कुशीवर वाढवणे सोयीचे पडे. त्यात जीवशास्त्रापेक्षा सोयच जास्त होती. या शतकाच्या पहिल्या दशकात बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ‘सार्प’ हे यंत्र घडले. टोरांटोतही त्याच धर्तीचे काम झाले. या यंत्रांत सुमारे 220 किलोव्होल्टची क्ष-किरण नळी असते. आधी कमी व्होल्टेजवर सीटी चित्र घ्यायचे, त्यावर लक्ष्य ठरवायचे आणि मग अरुंद झोत सोडायचा. सर्वांत बारीक झोत 1 मिमीपेक्षाही लहान असतो.

तपासणीसाठी पोलादाची बारीक गोळी यंत्राच्या केंद्रबिंदूवर ठेवून निरनिराळ्या कोनांतून चित्रे घेतात. दर वेळी गोळीची सावली झोताच्या मध्यावरच पडायला हवी. चित्रापासून माऱ्यापर्यंतची सगळी साखळी तपासायची असेल, तर किरणांनी गडद होणारी फिल्म प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात बसवून तिच्यावरच नेम धरतात. नीट लावलेल्या यंत्रावर ही चूक मिलिमीटरच्या काही दशांशांत राहते.

हा आकडा मात्र ठोकळ्याचा, उंदराचा नव्हे. भूल दिलेला उंदीरही श्वास घेतो; त्याबरोबर फुप्फुस आणि यकृत हलतात. प्राणी चित्रासाठी एका मंचावर आणि माऱ्यासाठी दुसऱ्यावर ठेवला, तर भर पडते ती वेगळीच. शिवाय सीटीत हाड ठळक दिसते, पण मेंदूतली गाठ आजूबाजूच्या ऊतीत विरून जाते. तिथे एमआरआय चित्र सीटीवर बसवून घेतात, किंवा गाठीच्या पेशींना प्रकाशमान करणाऱ्या जनुकाची मदत घेतात. ही जुळवणी चुकली तर झोत अचूकपणे चुकीच्या जागी जातो, आणि गोळीची चाचणी त्याविषयी काहीच सांगत नाही.

यावर झोत थोडा रुंद ठेवण्याचा उपाय सुचतो, पण तो महाग पडतो. 5 मिमी व्यासाच्या गोल गाठीभोवती अर्धा मिमी जागा सोडली, तर मारा बसणारे आकारमान सुमारे 73 टक्क्यांनी वाढते. मेंदूच्या प्रयोगांत एका अर्धगोलावर मारा करून दुसरा तुलनेसाठी निरोगी राखतात; मध्यरेषा ओलांडलेला झोत नेमकी ती तुलनाच निकामी करतो.