अंतिम सामना आणि आधारस्तंभ खेळाडू : विजय हजारे यांच्या दोन खेळींचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

सांघिक खेळाच्या इतिहासात अंतिम सामन्याचे श्रेय बहुधा एकाच खेळाडूच्या पदरात टाकले जाते. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक या खेळाडूला, तर क्रिकेटमध्ये मधल्या फळीतील प्रमुख फलंदाजाला असे स्थान लाभते. एकट्या खेळाडूच्या कर्तृत्वावर विजेतेपद ठरते काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात सांगलीचे सुपुत्र विजय हजारे यांच्या दोन खेळींच्या आधारे तपासला आहे. पहिली खेळी 1943 मधील पंचरंगी सामन्यातील असून दुसरी 1947 मधील रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यातील आहे.

पार्श्वभूमी :

विजय हजारे यांचा जन्म 11 मार्च 1915 रोजी पटवर्धन संस्थानिकांच्या सांगलीत एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. ऑस्ट्रेलियाचे फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. 1939-40 च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध त्यांनी नाबाद 316 धावा केल्या. पुढे ते त्याच बडोद्याच्या संघात दाखल झाले. त्या काळात क्रिकेटपटूंच्या चरितार्थाचा प्रमुख आधार संस्थानी राजाश्रय हाच होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

एकाकी झुंज (1943) :

मुंबईतील पंचरंगी स्पर्धेत संघांची विभागणी धर्मानुसार होत असे. महात्मा गांधींनी 1940 मध्ये या पद्धतीविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली होती. तरीही स्पर्धा चालूच राहिली. ख्रिस्ती असल्याने हजारे 'रेस्ट' संघातून खेळत. डिसेंबर 1943 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवरील अंतिम सामन्यात हिंदू संघाने विजय मर्चंट यांच्या नाबाद 250 धावांच्या जोरावर 5 बाद 581 धावांवर डाव घोषित केला. रेस्ट संघ 133 धावांत गारद झाला व त्याच्यावर फॉलोऑनची पाळी आली. दुसऱ्या डावात संघाच्या 387 धावांपैकी 309 धावा, म्हणजे सुमारे 80 टक्के, एकट्या हजारे यांच्या होत्या. बंधू विवेक हजारे यांच्यासह त्यांनी 300 धावांची भागीदारी केली. तीत विवेक यांचा वाटा अवघा 21 धावांचा होता. एवढे होऊनही रेस्ट संघ एक डाव व 61 धावांनी पराभूत झाला.

जोडीचा विजय (1947) :

मार्च 1947 मध्ये बडोदा येथे रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदा व होळकर या दोन मराठा संस्थानांच्या संघांत झाला. आदल्या वर्षी होळकर संघाने याच प्रतिस्पर्ध्याला हरवून करंडक जिंकला होता. या वेळी होळकरांचा पहिला डाव 202 धावांत संपला. बडोद्याची अवस्थाही 3 बाद 91 अशी झाली, तेव्हा सामना दोलायमान होता. येथून हजारे व लाहोरचे डावखुरे फलंदाज गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी 577 धावा जोडल्या. गुल महंमद यांनी 319, तर हजारे यांनी 288 धावा केल्या. बडोद्याने 784 धावांचा डोंगर उभारला. होळकर संघ दुसऱ्या डावात 173 धावांत बाद झाला आणि बडोदा एक डाव व 409 धावांनी विजयी ठरला.

या भागीदारीचे महत्त्व साध्या वजाबाकीने स्पष्ट होते. 784 मधून 577 वजा केल्यास उरतात 207 धावा. म्हणजे होळकरांच्या पहिल्या डावापेक्षा केवळ पाच अधिक. उर्वरित दोन्ही संघ जवळजवळ समबल होते. करंडकाचा निर्णय या एका जोडीने केला.

या घटनेला सामाजिक परिमाणही आहे. त्याच महिन्यात पंजाबात भीषण दंगली उसळल्या होत्या आणि फाळणी अवघ्या पाच महिन्यांवर येऊन ठेपली होती. अशा वेळी सांगलीचा ख्रिस्ती व लाहोरचा मुसलमान फलंदाज एका संस्थानासाठी खांद्याला खांदा लावून खेळत होते. धर्मनिहाय पंचरंगी स्पर्धेत हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध संघांत असत. पुढे गुल महंमद पाकिस्तानवासी झाले व 1956 मध्ये त्या देशाकडून एक कसोटी खेळले. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम 2006 पर्यंत टिकला. त्या वर्षी श्रीलंकेच्या संगकारा व जयवर्धने यांनी 624 धावांची भागीदारी करून तो मोडला.

निष्कर्ष :

1. आधारस्तंभ खेळाडूची खेळी अंतिम सामन्याचा निर्णय घडवू शकते, परंतु त्यासाठी दुसऱ्या टोकाची समर्थ साथ आवश्यक असते.

2. व्यक्तिगत धावसंख्येच्या दृष्टीने 1943 ची खेळी मोठी, तर सांघिक फलिताच्या दृष्टीने 1947 ची खेळी श्रेष्ठ ठरते.

3. संघ कोणत्या तत्त्वावर बांधला जातो, यावर खेळाडूला कोणाची साथ मिळणार हे अवलंबून असते. म्हणून क्रीडेतिहासाचा अभ्यास सामाजिक इतिहासापासून अलग करता येत नाही.

हजारे यांना 1960 मध्ये पद्मश्री लाभली व 18 डिसेंबर 2004 रोजी बडोद्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा करंडक आज देशभर खेळला जातो. मात्र त्यांच्या 309 धावांइतकेच त्या 288 धावांचेही स्मरण व्हावे, कारण संघभावनेचा खरा अर्थ त्या 288 धावांत सामावलेला आहे.