सरकलेला मणका

मनुष्य दोन पायांवर ताठ उभा राहिला, त्याचें मोल त्याची कंबर अद्यापि देत आहे. कमरेचा पांचवा मणका त्रिकास्थीच्या उतरत्या माथ्यावर टेकलेला असून वरचा सारा भार त्यास पुढें लोटीत असतो. त्यास मागून आवरणारी हाडाची कमान दुभंगली म्हणजे तो पुढें सरकतो. वार्धक्यांत सांधे झिजले म्हणजे कमान शाबूत असूनहि बहुधा चौथा मणका सरकतो. मग कंबर दुखते, नसा चेपतात व चार पावलें चालणेंहि जड होतें.

या विकाराची पहिली नोंद एका प्रसूतिवैद्यानें केली, हें ऐकून नवल वाटेल. ब्रसेल्सच्या एर्बिनियो यानें १७८२ सालीं बाळंतपण अडविणारा, त्रिकास्थीपुढें आलेला हाडाचा उंचवटा वर्णिला. १८५४ सालीं जर्मनींतील किलियन यानें ‘मणका’ व ‘घसरणें’ या अर्थांचे ग्रीक शब्द जोडून ‘स्पॉन्डिलोलिस्थेसिस’ हें नांव दिलें. पुढें लांबल यानें कमानींतील दोष दाखविला. १८९५ सालीं क्ष-किरण सांपडले आणि जिवंत रोग्याचा कणा दिसूं लागला. १९३२ सालीं अमेरिकेंतील मेयर्डिंग यानें मणका किती चतुर्थांश सरकला यावरून विकाराच्या चार पायऱ्या ठरविल्या.

निदान झालें, पण उपाय कोणता? १९११ सालीं न्यूयॉर्क येथें हिब्ज व आल्बी यांनीं मणके एकमेकांस सांधण्याच्या दोन निरनिराळ्या रीती प्रसिद्ध केल्या. त्या मूळच्या कण्याच्या क्षयासाठीं होत्या. आल्बी नडगीच्या हाडाची पट्टी बसवी, तर हिब्ज मणक्यांच्या पाठीमागील हाडाचाच उपयोग करी. दोन हाडें एकजीव झालीं कीं घसरण थांबते, हा त्यांतील साधा विचार सरकलेल्या मणक्यासहि लागू पडला. १९३२ सालीं इंग्लंडांत कॅपनर यानें पोटाच्या बाजूनें मणका सांधण्याची कल्पना मांडली, पण ती आचरणांत आणणें त्यास दुष्कर वाटलें. पुढच्याच वर्षीं बर्न्स यानें चौदा वर्षांच्या एका मुलावर ती सिद्ध केल्याचें प्रसिद्ध केलें. नडगीच्या हाडाची मेख त्यानें पांचव्या मणक्यांतून त्रिकास्थींत ठोकली. १९५५ सालीं गिल यानें उलट वाट दाखविली: सैल झालेली कमान काढून नसा मोकळ्या करावयाच्या. १९६३ पासून पॅरिसच्या रॉय-कामिय यानें मणक्यांत स्क्रू बसवून त्यांस धातूच्या पट्ट्यांनीं जखडण्याची रीत रूढ केली.

साधनें वाढलीं, तसा संयमाचा प्रश्नहि वाढला. २०१६ सालीं स्वीडनमध्यें कणानलिका अरुंद झालेल्या २४७ रोग्यांची परीक्षा प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्याहून अधिकांचा मणकाहि सरकलेला होता. नसा मोकळ्या करण्याच्या जोडीस मणके सांधले, तरी दोन वर्षांनंतर अधिक लाभ दिसला नाहीं. त्याच वर्षीं अमेरिकेंतील ६६ रोग्यांत सांधण्याचा थोडा फायदा आढळला. २०२१ सालीं नॉर्वेंतील २६७ रोग्यांच्या परीक्षेनें मात्र वृद्धांच्या झिजेच्या विकारांत बहुधा केवळ नसा मोकळ्या करणें पुरतें, या मतास बळ दिलें.

बहुतेक रोग्यांस व्यायाम व औषध यांनींच आराम पडतो. मात्र पायांतील शक्ति जाऊं लागली, किंवा मलमूत्रावरील ताबा सुटला, तर एक दिवसाचाहि विलंब परवडत नाहीं.