ऑनलाइन व्यवसायनोंद : ताबा व प्रवेशाधिकार

शोधयंत्रात किंवा नकाशावर दुकानाचे नाव टाकले की नाव, पत्ता, फोन, उघडण्या-मिटण्याच्या वेळा, फोटो आणि ग्राहकांचे अभिप्राय असलेला चौकोन उघडतो. तो म्हणजे व्यवसायनोंद. व्यापाऱ्यांच्या बोलीत ‘लिस्टिंग’. या नोंदीत कोणी काय बदलायचे आणि तो हक्क दुसऱ्याला कोणी द्यायचा, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेला प्रवेशाधिकार म्हणतात. भाडेकरार, जीएसटी किंवा ट्रेड लायसन्स कोणाच्या नावावर आहे, याच्याशी हा ताबा आपोआप जोडलेला नसतो. ज्या खात्यातून नोंदीची पडताळणी झाली ते खाते ज्याच्या हाती, नोंद त्याच्या हाती. लहान दुकानदारांची पंचाईत होते ती इथेच.

पूर्वपीठिका : छापील यलो पेजेसमधली नोंद एकदा छापली की पुढच्या आवृत्तीपर्यंत कोणालाच बदलता येत नसे, त्यामुळे प्रवेशाधिकाराचा प्रश्नच नव्हता. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जस्टडायलने ही माहिती फोनवर आणली, तरी दुरुस्ती कंपनीच्याच हाती राहिली. गूगलने २००५ मध्ये ‘लोकल बिझनेस सेंटर’ काढून दुकानदाराला स्वतःची नोंद सांभाळण्याची सोय दिली. तीच सेवा २०१० मध्ये ‘प्लेसेस’, २०१४ मध्ये ‘माय बिझनेस’ आणि नोव्हेंबर २०२१ पासून ‘बिझनेस प्रोफाइल’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

अधिकारांच्या पायऱ्या : गूगलच्या रचनेत तीन पायऱ्या आहेत. ‘प्राथमिक मालक’ एकच असतो. इतर मालक त्याला काढू शकत नाहीत आणि आपली जागा दुसऱ्या मालकाला दिल्याशिवाय त्यालाही बाहेर पडता येत नाही. ‘मालक’ कितीही असू शकतात. माणसे जोडणे-काढणे आणि नोंद हटवणे हे हक्क त्यांना असतात. ‘व्यवस्थापक’ वेळा बदलतो, फोटो चढवतो, अभिप्रायांना उत्तरे देतो. मात्र दुसऱ्या कोणाला आत घेऊ किंवा बाहेर काढू शकत नाही. नव्याने जोडलेल्या मालकाला किंवा व्यवस्थापकाला पहिले सात दिवस काही ठरावीक हक्क मिळत नाहीत. या काळात त्याला नोंद हटवता येत नाही, इतरांना काढता येत नाही आणि प्राथमिक मालकी हलवता येत नाही. आत शिरलेल्या भामट्याने रातोरात खऱ्या मालकालाच बाहेर काढू नये, म्हणून ही मुदत ठेवलेली आहे. ग्राहकाचा नकोसा अभिप्राय पुसण्याचा हक्क मात्र या तिघांपैकी कोणालाच नाही. फार तर त्याविरुद्ध तक्रार करता येते.

या तिघांशिवाय चौथा हातही नोंदीला लागतो, तो वाटसरूचा. नकाशा वापरणारा कोणीही ‘बदल सुचवा’ म्हणून नवी वेळ किंवा ‘कायमचे बंद’ अशी सूचना पाठवू शकतो. गूगलला पटलेली सूचना नोंदीत उतरते, त्यामुळे मालकाने अधूनमधून आपलीच नोंद उघडून पाहणे भाग असते.

पडताळणी : पूर्वी टपालाने कार्ड येई आणि त्यावरचा पाच अंकी संकेतांक भरावा लागे. आता फोन, संदेश, ईमेल आणि व्हिडिओ हे मार्ग आहेत. कोणता वापरायचा ते गूगल ठरवते. व्हिडिओ कुठेही न तोडता सलग घ्यावा लागतो. गल्लीची पाटी किंवा शेजारची ओळखीची खूण, मग दुकानाचा फलक, शेवटी कुलपाला लावलेली किल्ली, वर जाणारे शटर आणि गल्ल्यापलीकडची, गिऱ्हाइकाला मज्जाव असलेली जागा असा तो क्रम असतो. जागा, व्यवसाय आणि ताबा या तिन्ही गोष्टी एकाच चित्रफितीत सिद्ध व्हाव्यात, हा त्यामागचा हेतू.

एक उदाहरण, महादेवपुरा : बेंगळुरूच्या पूर्वेकडील हा भाग पूर्वी स्वतंत्र नगरपालिका होता. २००७ मध्ये तो बृहत् बेंगळुरू महानगर पालिकेत आला आणि २०२५ च्या पुनर्रचनेत पूर्व महानगरपालिकेत गेला. व्हाइटफील्डचे टेक पार्क आणि आउटर रिंग रोडवरच्या कंपन्यांमुळे इथे परगावाहून आलेल्या नोकरदारांची दाट वस्ती आहे. नवख्या माणसाला गल्ल्या ठाऊक नसतात; पीजी (पेइंग गेस्ट निवास), डबा, इस्त्री, दुचाकीची दुरुस्ती असे सगळे तो नकाशावरच शोधतो. साहजिकच लिस्टिंगला इथे दुकानाच्या जागेइतकेच मोल आहे. गूगलने ‘अनंत’ हे आपले मोठे संकुल फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडले, तेही महादेवपुऱ्यातच.

भाडेपट्ट्यावर चालणाऱ्या पीजींमध्ये ताब्याचा गुंता ठळक दिसतो. चालक बदलला, नाव बदलले, इमारत तीच राहिली, की जुन्या चालकाच्या खात्यातली नोंद फोन त्याच्याचकडे वळवत राहते. नव्याने दुसरी नोंद केली तर एका दारावर दोन खुणा उमटतात. नोंदीतले नाव प्रत्यक्ष फलकाशी जुळावे, असा गूगलचा नियम आहे. नव्या चालकाचा फलक अजून लागला नसेल, तर पडताळणीही अडते.

वाद व गैरवापर : ‘तुम्हाला काय कळतंय त्यातलं, मी करून देतो’ म्हणत भाच्याने, हिशेबनीसाने किंवा जाहिरातवाल्याने स्वतःच्या जीमेलवरून नोंद उघडून द्यायची आणि पुढे तो माणूस दुरावायचा, हा वादाचा नेहमीचा उगम. अशा वेळी खऱ्या मालकाला नोंदीवरूनच ताब्याची मागणी करता येते. सध्याच्या ताबेदाराला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. उत्तर न आल्यास पडताळणी करून नोंद स्वतःकडे घेण्याचा मार्ग मिळू शकतो. नकार आल्यास दाद मागता येते. तेव्हा दुकानाच्या नावाची कागदपत्रे उपयोगी पडतात.

सार्वजनिक दुरुस्तीच्या सोयीचा गैरवापर महाराष्ट्राने २०१८ मध्ये पाहिला. बँक ऑफ इंडियाच्या शाखांच्या नकाशावरील नोंदींत भामट्यांनी स्वतःचे फोन क्रमांक घातले आणि शाखा समजून फोन करणाऱ्या ग्राहकांकडून कार्डांचे तपशील काढून घेतले. बँकेने राज्याच्या सायबर पोलिसांकडे तक्रार केली होती. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे आणि संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणे हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या अनुक्रमे ६६ क व ६६ ड (66C आणि 66D) या कलमांखाली गुन्हे आहेत. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे.

दक्षता : प्राथमिक मालकी दुकानाच्याच स्वतंत्र खात्यावर असावी आणि त्याला दुहेरी पडताळणी लावलेली असावी. ते खाते ज्या मोबाईलला जोडले, तो क्रमांक चालू ठेवावा. बंद पडलेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो आणि ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. कामगार किंवा एजन्सी यांना पासवर्ड सांगू नये, व्यवस्थापक म्हणून जोडावे आणि काम संपले त्याच दिवशी काढावे. भागीदारीत दोघेही मालक असावेत. दुकान दुसऱ्याला द्यायचे असेल तर नव्या चालकाला निदान आठवडाभर आधी मालक म्हणून जोडावे, कारण सात दिवसांची मुदत संपल्याशिवाय प्राथमिक मालकी त्याच्याकडे जात नाही. किल्ल्या मात्र पाच मिनिटांत हातात पडतात.